मोफत क्रूझचा फोन : खरी ऑफर, महागडी विक्री की फसवणूक?

अंबाजोगाईत आम्ही ज्या वस्तीत काम करतो, तिथल्या एका ताईंना भर दुपारी फोन आला. बोलणारी मुलगी मराठीच बोलत होती, आवाजही अदबीचा. "अभिनंदन मॅडम! तुमचा नंबर लकी ड्रॉमध्ये निवडला गेलाय. मुंबई ते गोवा क्रूझ, दोन रात्री, चार जणांना एकदम मोफत. फक्त पोर्ट टॅक्स आणि जीएसटीचे ४,९९९ रुपये आजच भरायचे आहेत." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर जहाजाचे फोटो, शिक्का मारलेले पत्र आणि पैसे भरण्यासाठी स्कॅनर आला. ताईंनी पैसे भरले. तासाभराने 'परत मिळणाऱ्या विम्याचे' आणखी २,५०० रुपये मागितले, तेही भरले. तिसऱ्यांदा मागणी आली तेव्हा त्यांना शंका आली. पैसे परत मागताच तो नंबर बंद झाला.

गेले ७,४९९ रुपये. त्यातले बरेचसे बचत गटाच्या हप्त्यासाठी बाजूला ठेवलेले होते. ताईंनी ही गोष्ट नऊ दिवस कोणालाच सांगितली नाही. मुलगा काय म्हणेल, गटातल्या बाया काय म्हणतील, ही भीती. आमच्यापर्यंत गोष्ट आली तेव्हा आम्ही तक्रार नोंदवून घेतली, पण ज्या खात्यात पैसे गेले होते तिथे थांबवण्यासारखे काही उरले नव्हते.

त्यानंतर विहारात, मुलांच्या अभ्यासिकेत आणि गटांच्या बैठकांत आम्ही हा विषय काढू लागलो. अनेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : "पण असे सगळेच फोन खोटे असतात का?" नाही. म्हणूनच ओळखणे अवघड जाते. ते कसे ओळखावे आणि पैसे गेलेच तर कुठे धावावे, याची माहिती कार्यकर्त्यांना हाताशी असावी म्हणून हा लेख.

फोन तीन प्रकारचे असतात

पहिला प्रकार म्हणजे खरी जाहिरात. एखादी प्रवासी कंपनी सवलत देते, दोन तिकिटांवर तिसरे मोफत देते किंवा एखाद्या स्पर्धेचे बक्षीस म्हणून सहल देते. इथे तुम्ही आधी काहीतरी खरेदी केलेले असते किंवा स्पर्धेत भाग घेतलेला असतो. अटी लेखी असतात आणि विचार करायला वेळ मिळतो.

दुसरा प्रकार म्हणजे महागडी विक्री. "तुम्हाला क्रूझचे किंवा गोव्याच्या हॉटेलचे मोफत व्हाउचर मिळाले आहे, ते घ्यायला पती-पत्नी दोघांनी लातूरच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या हॉटेलात यायचे," असा हा फोन असतो. तिथे दीड-दोन तास बसवून सहलींच्या सदस्यत्वाची माहिती देतात. पाच-दहा वर्षांचे सदस्यत्व, लाखाच्या घरातली रक्कम, त्यावर दरवर्षीचे देखभाल शुल्क. "ही किंमत फक्त आजच्यापुरती," असे सांगून सही घेतात. कंपनी नोंदणीकृत असते, पावतीही मिळते. पण ते मोफत व्हाउचर वापरायला गेलात की अटी निघतात : सुट्टीच्या दिवसांत चालणार नाही, महिना-दीड महिना आधी कळवा, प्रवासखर्च तुमचा, जेवण वेगळे, कर वेगळा.

तिसरा प्रकार म्हणजे उघड फसवणूक. ना कंपनी, ना सहल. पैसे किंवा खात्याची माहिती हातात आली की समोरचा गायब.

या तिन्हींना वेगळे करणारी गोष्ट 'मोफत' या शब्दात सापडत नाही, कारण तो शब्द तिघेही वापरतात. आम्ही एकच कसोटी सांगतो : काय देणार आहेत हे ऐकू नका, तुम्ही तपासण्याआधी काय मागतात ते बघा. तपासण्याआधी पैसे किंवा ओटीपी मागत असतील तर ती फसवणूक समजा. तपासण्याआधी सही मागत असतील तर ती विक्री आहे. काहीच न मागता लेखी माहिती पाठवून तुमच्या उत्तराची वाट बघत असतील, तरच पुढे तपासायला हरकत नाही.

जहाज खरे असले म्हणून ऑफर खरी ठरत नाही

मुंबईहून गोव्याकडे क्रूझ जाते हे खरे आहे. २०१८ मध्ये 'आंग्रिया' आणि २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया' या जहाजांच्या बातम्या सगळीकडे आल्या होत्या. लोकांनी ती नावे ऐकलेली असतात, व्हिडिओ पाहिलेले असतात. फसवणाऱ्याला तेवढे पुरते. खऱ्या जहाजाचा फोटो, खऱ्या कंपनीचे बोधचिन्ह आणि इंटरनेटवरून उचललेले वेळापत्रक जोडून पत्र तयार करायला दहा मिनिटे लागत नाहीत. ज्या कंपनीचे नाव वापरले, तिला याचा पत्ताही नसतो.

क्रूझच्या तिकिटात खोलीचे भाडे, बंदराचे शुल्क, जीएसटी असे वेगवेगळे भाग असतात. त्यामुळे "भाडे मोफत, फक्त पोर्ट टॅक्स भरा" हे वाक्य ऐकायला पटते. अमेरिकेत याच वाक्यावर फार मोठा धंदा चालला होता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि दहा राज्यांनी मार्च २०१५ मध्ये 'कॅरिबियन क्रूझ लाइन' आणि तिच्यासाठी फोन करणाऱ्या कंपन्यांविरुद्ध कारवाई केली. ऑक्टोबर २०११ ते जुलै २०१२ या काळात रोज सरासरी १.२ ते १.५ कोटी यांत्रिक फोन लावले जात होते. सुरुवात राजकीय सर्वेक्षणाने व्हायची. काही प्रश्नांची उत्तरे दिली की बक्षीस म्हणून बहामा बेटांची 'मोफत' क्रूझ. एक दाबला की विक्रेता बोलू लागायचा. मग बंदराचे शुल्क, शिवाय हॉटेल, फिरण्याच्या सहली, चांगली खोली असे एकेक गळ्यात मारले जायचे. लोकांनी केलेल्या सामूहिक दाव्यात २०१६ मध्ये ५.६ ते ७.६ कोटी डॉलरच्या भरपाईची तडजोड झाली. या प्रकरणात क्रूझ खरोखर होती. तरीही फोन बेकायदा होते.

'मोफत' या शब्दाला आपल्याकडे कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. द्यायचा हेतू नसताना भेट किंवा बक्षीस देऊ करणे, किंवा वस्तूची किंमत दुसऱ्या रकमेतून वसूल करून ती मोफत असल्याचा भास निर्माण करणे, हे त्या व्याख्येत येते. जून २०२२ मध्ये केंद्राने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार ऑफरला प्रतिसाद देण्याचा आणि वस्तू पोहोचवण्याचा अटळ खर्च सोडून ग्राहकाला आणखी काही भरावे लागत असेल, तर त्या गोष्टीला मोफत म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या ज्या १३ फसव्या पद्धतींवर बंदी आली, त्यांत खोटी घाई निर्माण करणे आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे या दोन्ही आहेत.

सरळ फसवणूक असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते. जुन्या ४२०च्या जागी हे कलम १ जुलै २०२४ पासून आले. फोन किंवा इंटरनेटवर दुसऱ्याचे नाव लावून फसवले असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड देखील लागते.

फोन आल्यावर तपासायच्या सात गोष्टी

१. नंबर कोणता आहे? दूरसंचार नियमांनुसार जाहिरातीचे फोन नोंदणीकृत कंपनीने १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून करायचे असतात. बँका आणि सरकारी सेवांसाठी १६०० ही मालिका आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी क्रूझ विकत असेल तर तिथेच नियम मोडला गेला आहे. मात्र १४० वरून फोन आला म्हणजे ऑफर चांगली, असा अर्थ काढू नका.

२. आपण भाग कधी घेतला? न काढलेल्या तिकिटाची लॉटरी लागत नाही. कोणती स्पर्धा, कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानात कूपन भरले, हे विचारा. "सिस्टिमने तुमचा नंबर निवडला" हे उत्तर नव्हे. जत्रेत, मॉलमध्ये किंवा पेट्रोलपंपावर कूपन भरले असेल तर तुमचा नंबर तिथूनच गेला असावा. असे फोन बहुधा दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे सदस्यत्व विकणारे असतात.

३. पैसे कोणाच्या नावावर जाणार? स्कॅनर उघडला की नाव दिसते. कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले तर थांबा. बक्षिसावर कर लागतो हे खरे, पण तो पॅन क्रमांकावर सरकारी तिजोरीत जमा होतो, कोणाच्या यूपीआयवर नाही. "परत मिळणारी रक्कम" हे शब्द आले की फोन ठेवून द्या.

४. पिन, ओटीपी किंवा ॲप मागतात का? पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. "बक्षीस जमा करायला पिन टाका" हे सरळ खोटे आहे. मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल आणि स्टार ४०१ स्टारने सुरू होणारा कोड या तिन्हींपासून लांब राहा. त्या कोडने तुमचे फोन दुसऱ्याच्या नंबरवर वळवले जातात.

५. घाई करतात का? "आज संध्याकाळपर्यंतच," "फोन ठेवू नका," "घरी विचारत बसलात तर संधी जाईल." खऱ्या कंपनीचे दोन दिवसांनी काही बिघडत नाही. "उद्या माझा भाऊ तुमच्याशी बोलेल," एवढे म्हणून बघा. समोरच्याचा सूर बदलला की समजा.

६. कंपनीकडून खात्री झाली का? पाठवलेल्या लिंकवर किंवा पत्रावरच्या नंबरवर खात्री करू नका, ते दोन्ही त्यांचेच असतात. गुगलवर सापडलेला 'कस्टमर केअर'चा नंबरही खोटा असू शकतो. कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तिथल्या नंबरवर विचारा. बुकिंग क्रमांक दिला असेल तर तो कंपनीच्याच संकेतस्थळावर टाकून बघा.

७. अटी लेखी आहेत का? कोणत्या तारखा चालतील, अंबाजोगाईहून मुंबईपर्यंतचा खर्च कोणाचा, लहान मुलांचे काय, रद्द केल्यास काय मिळेल, एकूण किती भरायचे, हे सगळे एका कागदावर मागा. बोलणाऱ्याने सांगितलेले आणि कागदावर लिहिलेले वेगळे असेल तर कागदच खरा मानला जातो. सही करण्याआधी तो कागद घरी आणून दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या.

खरी मोफत यात्रा कशी दिसते

फरक समजण्यासाठी एक खरे उदाहरण बघू. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना जाहीर केली. ६० वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या ज्येष्ठांसाठी ती आहे. खर्चाची मर्यादा प्रत्येकी ३० हजार रुपये. तीर्थस्थळांच्या यादीत बौद्ध स्थळेही आहेत. इथे शासन निर्णय आहे, पात्रता आहे, अर्ज आहे, कागदपत्रे आहेत आणि समाजकल्याण खात्याचे कार्यालय आहे. अर्जदार सरकारकडे जातो, सरकार 'तुमचा नंबर निघाला' म्हणून दुपारी फोन करत नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण जो क्रूझच्या नावाने फोन करतो, तो उद्या बोधगया-लुंबिनीच्या नावानेही करू शकतो. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरू आणि पर्यटकांच्या ऑनलाइन बुकिंगमधील फसवणुकीबद्दल इशारा दिला होता. केदारनाथचे हेलिकॉप्टर, चारधामचे हॉटेल अशी उदाहरणे त्यात होती. आपल्या आजी-आजोबांना गोव्याचे जहाज नको असेल, पण महाबोधी विहार एकदा डोळ्यांनी पाहायची इच्छा जवळजवळ प्रत्येकाला असते. श्रद्धेचा विषय निघाला की माणूस कमी प्रश्न विचारतो. तिथेही हेच सात प्रश्न विचारा. सहल नेणारा आपल्याच समाजाचा आहे, गळ्यात निळा गमजा आहे, एवढ्यावर पावतीशिवाय पैसे देऊ नका.

क्रूझवर नोकरीचा फोन

तरुणांना येणारा फोन थोडा वेगळा असतो : "क्रूझवर हाउसकीपिंगची नोकरी, महिना ६० हजार, फक्त मेडिकल आणि व्हिसाचे पैसे भरा." दरवर्षी दसऱ्यानंतर ज्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला जातात, तिथल्या पोराला हे ऐकून मोह होणारच, त्यात त्याचा दोष नाही. जहाजावर भरती करणाऱ्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना असावा लागतो. परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला या नियमांत मनाई आहे. परवाना क्रमांक विचारा, यादीत शोधा, आणि त्याआधी घरातला एकही दागिना गहाण ठेवू नका.

पैसे गेले असतील तर

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळ आहे. चोरलेले पैसे लगेच पुढच्या खात्यांत वळवले जातात किंवा काढून घेतले जातात. त्याआधी तक्रार पोहोचली तरच ती रक्कम गोठवता येते.

लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि आपल्या बँकेचे नाव जवळ ठेवा. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

त्याच वेळी बँकेला कळवा आणि खाते, कार्ड, यूपीआय बंद करायला सांगा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, तुमची चूक नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तुमच्यावर जबाबदारी येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवण्यापर्यंतचे नुकसान तुमचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. स्वतः स्कॅनरवर भरलेल्या पैशांसाठी मात्र १९३० वरचा पहिला तास हाच मोठा आधार आहे.

मेसेज, फोटो, पत्र, कॉलची यादी यातले काहीही पुसू नका, स्क्रीनशॉट काढा. लाज वाटते म्हणून चॅट पुसले की पुरावा जातो. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. "हे आमच्या हद्दीत येत नाही" असे कोणी म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ची आठवण करून द्या. गुन्हा कुठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. शक्यतो एखाद्या कार्यकर्त्याला सोबत न्या.

पैसे गेले नाहीत पण फोन संशयास्पद होता, तर संचार साथी संकेतस्थळावरच्या 'चक्षू' सुविधेवर तो नंबर कळवा. नुसत्या नकोशा जाहिरातीची तक्रार १९०९ वर सात दिवसांत करता येते. "तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा" असा फोन नंतर आला तर तो त्याच फसवणुकीचा दुसरा भाग समजा.

सही करून सदस्यत्व घेतले असेल तर

हा बहुतेक वेळा ग्राहक तक्रारीचा विषय असतो. आधी करारातली रद्द करण्याची अट वाचा आणि त्या मुदतीत कंपनीला लेखी कळवा. फोनवरचे बोलणे धरू नका, ईमेल किंवा स्पीड पोस्ट करा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार मोफत नोंदवता येते. तेवढ्याने न सुटल्यास बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा दिल्लीत असले तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

विहारात, गटात आपण काय करू शकतो

रविवारच्या वंदनेनंतर पाच मिनिटे द्या. १९३०, १९१५ आणि १९०९ हे तीन क्रमांक कशासाठी आहेत ते लिहून फळ्यावर लावा. प्रत्येक बचत गटात एक मुलगी किंवा मुलगा असा ठरवा की ज्याला असा फोन आल्यावर आधी विचारायचे. वस्तीच्या व्हॉट्सॲप गटात ऑफर टाकण्याआधी ती टाकणाऱ्याने स्वतः तपासली आहे का, हे विचारायची सवय लावा. आमचा अनुभव असा की लोक अनोळखी नंबरपेक्षा ओळखीच्या माणसाने पुढे पाठवलेल्या मेसेजवर जास्त विश्वास ठेवतात.

बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले ते आपण प्रवचनात नेहमी ऐकतो : ऐकीव आहे, सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून मानू नका, स्वतः तपासा. ते मोबाइललाही लागू आहे.

आणि फसलेल्या माणसाला हसू नका. "एवढी शिकलेली असून कशी फसलीस?" या एका वाक्यामुळे पुढची चार माणसे गप्प बसतात. त्या ताई नऊ दिवस गप्प राहिल्या, त्याला आपण सगळेही थोडे जबाबदार आहोत. आता त्या गटाच्या बैठकीत स्वतः उभ्या राहून आपली हकिगत सांगतात. मागच्या महिन्यात त्यांच्याच गटातल्या एका मावशीला असाच फोन आला. मावशींनी फोन ठेवला आणि पैसे भरण्याआधी ताईंचे घर गाठले.